रविवारचा पाऊस

कुणी विचारो न विचारो, थोरला दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहायचा नाही. एक म्हणजे त्याची धाकटी बहीण हवामानाची शास्त्रज्ञ आहे. आणि दुसरी, पाणीपुरवठ्याच्या आवारातलं पावसाचं माप गेली चौदा वर्षं तो एकटा घेतोय आणि वहीत एकही दिवस रिकामा नाही. पहिली गोष्ट अजून पुरती खरी नव्हती, कारण बहिणीची पीएचडी व्हायची होती. पण थोरल्याच्या लेखी ते नुसतं सहीशिक्क्याचं काम राहिलं होतं. दुसरी गोष्ट खरी होती. वही रिकामी नव्हतीच. ती कशी भरली, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं.

थोरला पंपावर कामाला. शाळा दहावीपर्यंत, तीही रडतखडत. पण पंपाचा आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगणारा माणूस. चौदा वर्षांपूर्वी हवामान खात्याचा एक माणूस आवारात आला, गवतात कोपऱ्यावर एक पत्र्याचं नळकांडं बसवलं आणि विचारलं, रोज सकाळी साडेआठला इथं कोण असतं? बाकीचे चपलांकडं बघत राहिले. थोरल्यानं हात वर केला.

काम साधं होतं. नळकांड्यात एक बाटली. तिच्यात साचलेलं पाणी आखलेल्या काचेच्या पेल्यात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा आणि आकडा लिहायचा, पॉइंटासकट. त्या माणसानं जाताना एकच गोष्ट दोनदा सांगितली. ज्या दिवशी माप घेणं जमणार नाही त्या दिवशी रेघ मारा. आकडा लिहू नका. रेघ मारली म्हणून कुणी ओरडत नाही.

पहिले पाच-सहा रविवार थोरला सुट्टी असूनही आला. मग मित्रांनी तळ्यावर गळ टाकायला बोलावलं. पहाटे निघायचं, दुपारी परतायचं. त्या सोमवारी बाटलीत दोन दिवसांचं पाणी होतं, एकतीस पॉइंट चार. रविवारच्या रकान्यात रेघ मारायला त्यानं पेन टेकवलंही. पण तेवढ्या सुंदर पानावर ती रेघ त्याला पडलेल्या दातासारखी दिसायला लागली. पाणी तर तेवढंच आहे, आपण काय त्यातलं पिऊन टाकलं? त्यानं रविवारी पाच लिहिले आणि सोमवारी सव्वीस पॉइंट चार. बेरीज बरोबर. इकडचा थेंब तिकडं नाही.

पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. चार-पाच वर्षांनी तर त्यात काही वावगं आहे हेही त्याच्या मनातून गेलं. रविवार हा थोडासा लिहायचा दिवस, एवढंच. आणि दहा वर्षं झाली तेव्हा खात्याकडून प्रमाणपत्र आलं, 'अखंड नोंदींबद्दल'. त्यानं ते काच लावून घेतलं आणि दारासमोरच्या भिंतीवर ठोकलं, पाहुणा कुठल्याही खुर्चीत बसला तरी त्याच्या डोळ्यांत भरेल असं. बायको म्हणायची की घरात लग्नाचा फोटो कपाटाच्या बाजूला आणि हे समोर. तो म्हणायचा, लग्न सगळ्यांचंच होतं.

बहीण त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. एका जागी कधी बसायची नाही म्हणून घरात तिचं नाव पडलं भिंगरी. ते नळकांडं बसलं तेव्हा ती बारा वर्षांची. शाळेच्या वाटेवर रोज आवारात यायची आणि पेला आपणच धरणार म्हणून हट्ट करायची. तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून तो खाली वाकवायचा. असं नाही, वरून बघू नको. रेषेत ये. मग ती एक डोळा मिटून आकडा सांगायची आणि तो लिहायचा. पुढं ती हवामानच शिकायला गेली तेव्हा त्यानं अख्ख्या गल्लीला सांगितलं, सुरुवात कुठून झाली ते. न्हाव्यानं तर ते इतक्या वेळा ऐकलं होतं की थोरला खुर्चीत बसला की तोच विचारायचा, "मग, शास्त्रज्ञ काय म्हणतात?"

मात्र शास्त्रज्ञ नेमकं काय म्हणतात, ते थोरल्यानं नीट कधी ऐकलंच नव्हतं. फोनवर ती सांगायची, तो हो हो म्हणायचा आणि मनात पुढं कुणाला सांगायचं त्याची जुळवाजुळव करायचा. तिनं त्याच्याच वहीवर काम केलंय, एवढं त्याला माहीत होतं. त्याला तेवढं पुरत होतं.

अशात परिषद आली. हवामानाच्या लोकांची, तीन दिवसांची, दुसऱ्या शहरात. भिंगरीनं आग्रहानं बोलावलं, कारण तिच्या कामाची निवड मोठ्या सभागृहात बोलण्यासाठी झाली होती. शिकणाऱ्या दीडशे मुलामुलींमधून फक्त सहाजण. दिवस कोरडे होते, वहीतली तीन शून्यं आल्यावर लिहिता येणार होती. थोरल्यानं तीन दिवसांची रजा टाकली आणि अर्जावर कारण लिहिलं, 'वैज्ञानिक परिषद'. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

परिषदेत प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी आणि पट्टीला रंगीत फीत. शिकणाऱ्यांना हिरवी. नुकती नोकरी लागलेल्यांना निळी. मुरलेल्यांना पिवळी. निवृत्त झालेल्या बुजुर्गांना पांढरी. म्हणजे कुणाशी किती वाकून बोलायचं ते लांबूनच कळावं. थोरल्याला करडी मिळाली, पाहुण्यांची. टेबलावरच्या मुलीला त्यानं विचारलं, जरा उठावदार काही नाही का? ती हसली, म्हणाली, तुम्ही काय काम करता? तो म्हणाला, "ह्या सगळ्यांना पाऊस मी पुरवतो." तास दोन तास त्याची स्वारी अशी तरंगतच होती.

शिकणाऱ्यांची पोस्टरं लांबलचक बोळात लावली होती, अगदी स्वच्छतागृहापर्यंत. भिंगरीचा फलक त्रेसष्ट नंबरचा. हिरव्या फितीची पोरं आपापल्या फलकापुढं उभी राहून येईल त्याला तेच तेच सांगत होती, नव्यानं सांगितल्यासारखं. थोरला भिंतीला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून, आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीचं काम काय आहे ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं.

ती सांगत होती की त्यांच्या शहरात भट्ट्यांचे कारखाने आहेत. सोमवार ते शनिवार धूर ओकतात, रविवारी बंद असतात. सहा दिवस धूर साचला की ढगातले थेंब बारीक होतात आणि बारीक थेंब पडत नाहीत. म्हणून रविवारी सकाळच्या मापात पाऊस सगळ्यात कमी. रविवारी भट्ट्या बंद, हवा निवळते, अडलेला पाऊस पडतो. म्हणून सोमवारी सकाळच्या मापात सगळ्यात जास्त. वीस कोस लांबच्या, कारखाने नसलेल्या गावात बघा, तिथं असं काही नाही.

आणि तिनं बोट ठेवलं त्या चित्रावर. सात वारांचे सात निळे खांब. पाच खांब एका उंचीचे. रविवारचा खुजा, सोमवारचा ताडमाड.

थोरला त्या खुज्या खांबाकडं बघत राहिला. तो खांब धुराचा नव्हता. तो तळ्याचा होता. गळाचा, मित्रांचा, डब्यातल्या किड्यांचा. चौदा वर्षांतला त्याचा एकेक रविवार कुणीतरी ओळीनं उभा करून निळ्या शाईनं रंगवला होता, आणि माणसं वाकून वाकून त्याचं कौतुक करत होती.

तेवढ्यात भिंगरीनं त्याचा दंड धरून पुढं ओढलं. हा माझा दादा, म्हणाली, ही सगळी मापं यानंच घेतलीत, चौदा वर्षं, एकही दिवस न चुकता. निळ्या फितीच्या एकानं त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि म्हणाला की अशी वही म्हणजे सोनं. थोरला हसला. तोंड हसलं म्हणजे. बाकीचा तो कुठं होता त्यालाच माहीत नव्हतं.

फलकाच्या खालच्या कोपऱ्यात तिनं शोभेला म्हणून वहीच्या एका पानाचा फोटो लावला होता. मागच्या महिन्यात तिनंच फोनवर मागवला होता तो. दादाचं अक्षर छान आहे, लोकांना दिसू दे. ह्या फोटोपाशी पांढऱ्या फितीचे एक आजोबा थांबले. आधी नुसते वाकले, मग चष्मा कपाळावर सरकवून पार नाक लावलं. बोट हवेत धरून ते ओळीनं खाली आले, एका ठिकाणी थांबले, पुन्हा खाली, पुन्हा थांबले. चार ठिकाणी थांबले. त्या महिन्यात रविवार चार होते. मग सरळ झाले, भिंगरीला छान मांडलंय म्हणाले, थोरल्याच्या करड्या फितीकडं एकदा बघितलं आणि चालू लागले.

त्या दिवशी थोरल्यानं कुणाला काही सांगितलं नाही. जेवतानाही गप्प होता, आणि भिंगरीनं विचारलं की बूट चावतायत का. तो म्हणाला, हो, चावतायत.

त्याच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. रविवारचं जाऊ दे, ती सवय होती. पण गेल्या उन्हाळ्यात तिनं फोन करून मुद्दाम विचारलं होतं. तिच्या सरांनी विचारायला लावलं होतं. दादा, वहीतला एकही दिवस सुटलेला नाही ना, मागाहून भरलेला वगैरे? आणि त्याला राग आला होता. खरोखरचा राग. तू मला विचारतेस? मला? भिंतीवर काय लावलंय ते माहीत नाही तुला? ती ओशाळली होती. सॉरी दादा म्हणाली होती. आपण तिच्याकडून सॉरी म्हणवून घेतलं, हे आठवलं की त्याचे कान तापायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुजुर्गांबरोबर नाश्ता असा कार्यक्रम होता. एकेका टेबलावर एक पांढरी फीत आणि भोवती सात-आठ हिरव्या, म्हणजे मोठ्यांनी चार गोष्टी सांगाव्या आणि लहानांनी पाव खाता खाता ऐकाव्या. करड्या फितीला तिथं जागा नव्हती. थोरला चहाच्या रांगेत उभा राहिला, तर कालचे आजोबा त्यांचं टेबल सोडून कप घेऊन त्याच्याजवळ आले. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. आपण जन्मभर पावसाची नळकांडी तपासत हिंडलो, असं सांगायला लागले. दोनशेच्या वर नळकांडी. कुठल्याही गावात गेलं की वही उघडायची आणि आधी रविवार बघायचे. सोमवार ते शनिवार बारा पॉइंट तीन, सहा पॉइंट सात. आणि रविवार? चार. तीन. पाच. "आभाळाला पॉइंट वगळायला कुणी शिकवलेलं नसतं," आजोबा म्हणाले. "ते माणसाचं काम."

थोरल्यानं हातातला कप खाली ठेवला.

मग काय करायचात तुम्ही, असं त्यानं कसंबसं विचारलं. आजोबा म्हणाले, काय करणार, माणूस फुकटात काम करतोय, रविवार आहे, घरी पोरंबाळं आहेत. रेघ मारत जा बाबा, सांगायचो आणि पुढच्या गावाला जायचो. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुम्हाला काही विचारलेलं नाही. तुम्हीही मला काही सांगितलेलं नाही. तिचं भाषण उद्या साडेदहाला आहे. ही सहा पोरं बोलतात तेव्हा नोकरी देणारे पहिल्या रांगेत असतात. उद्या टाळ्या वाजवतील. वर्षभरात कुणीतरी वही उघडेल. तेव्हा खोटी ती पडेल."

त्यानंतरचा अख्खा दिवस थोरल्यानं मनात एकेक दार ढकलून बघितलं. दुपारच्या जेवणाला सांगायचं ठरवलं, तर तिचे सर येऊन बसले, पिवळ्या फितीचे, कमी बोलणारे. ते चक्क म्हणाले की तीन वर्षांची एक जागा निघाली आहे, निवडणाऱ्या बाई उद्या पहिल्या रांगेत असतील आणि मला वाटतं तुझं होईल. भिंगरीनं लहानपणी पेला धरायला मिळाल्यावर करायची तसा चेहरा केला. मग त्याला वाटलं, जागा मिळाल्यावर सांगू. मग वाटलं, नाहीच सांगितलं तर? बेरीज तर बरोबर आहे. मग वाटलं, बसनं घरी निघून जावं, पंप बिघडला म्हणावं. स्टँडची चौकशीही केली त्यानं. आयुष्यभर ज्याला बोलणं आवरायला सांगावं लागलं, त्याला एक वाक्य सापडेना.

जिन्याजवळ एक खोली होती, उद्याच्या वक्त्यांनी आपली चित्रं जमा करायची. पाच वाजता ती बंद व्हायची. पावणेपाचला भिंगरी बाहेरच्या बाकावर बसून शेवटची नजर टाकत होती. थोरला समोर येऊन उभा राहिला. बसला नाही.

"भिंगरे, ते आत देऊ नको."

"का? कुठं चुकलंय का काही?" ती हसतच म्हणाली.

"रविवारची मापं मी घेतलेली नाहीत."

किती रविवार, तिनं विचारलं. सगळे, तो म्हणाला. पावसाळ्यातले सगळे? सगळे म्हणजे सगळे. मग आकडे? सोमवारचं पाणी वाटून लिहायचो, थोडं रविवारला, बाकी सोमवारला. बेरीज बरोबर आहे, हे त्याच्या तोंडावर आलं होतं, पण ते त्यानं गिळलं. तेवढी लाज शिल्लक होती.

भिंगरीनं बाकावर ठेवलेला संगणक मिटला. मग पुन्हा उघडला, वहीच्या पानाचा फोटो समोर आणला आणि बोटानं मोठा केला. तीन. पाच. दोन. चार. थोरल्याला वाटलं, आरडाओरडा करावा हिनं. चारचौघांत काहीही बोलावं. कशाचीही तयारी होती त्याची, ह्या गप्प बसण्याची सोडून.

"मी तुला फोनवर विचारलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि तू मला झापलंस."

"हो."

ती बराच वेळ तो फोटो खालीवर करत राहिली. मग म्हणाली की खात्याकडून टाइप केलेली यादी आली होती, तिच्यात सगळ्याच आकड्यांना पॉइंट लावलेला, तीन पॉइंट शून्य, पाच पॉइंट शून्य. दुसऱ्या कुणाची वही असती तर मी मूळ पानं मागवून तपासली असती. दुसऱ्या गावाची मागवलीच की. तुझी नाही मागवली. एक पान मागवलं, तेही भिंतीला लावायला. "तुझं अक्षर बघून मी आकडे बघितलेच नाहीत, दादा. लाज मलाही वाटायला पाहिजे."

ह्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पाच वाजता खोली बंद झाली. ती सरांकडं गेली. काचेच्या दारातून थोरल्याला दिसत होतं. ती उभ्यानं बोलत होती. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला. मग त्यांनी दाराकडं बघितलं आणि थोरला खांबाआड झाला. चाळीस वर्षांचा माणूस, पंपघरात ज्याचा आवाज मोटारीच्या वर चालायचा, तो शाळा चुकवलेल्या पोरासारखा खांबाआड उभा होता.

सरांचं म्हणणं पडलं की नाव मागं घ्यावं, तब्येतीचं कारण द्यावं. भिंगरी नको म्हणाली. बारा मिनिटं मिळालीत ना, मग मी ती वापरीन. थोरल्याला तिनं एवढंच सांगितलं की वाटल्यास उद्या येऊ नकोस. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला तो तिथं नको होता, बस.

तरी तो गेला. मागून तिसऱ्या रांगेत कडेला बसला. पहिल्या रांगेत निवडणाऱ्या बाई होत्या, मांडीवर कागद घेऊन. भिंगरी वर आली आणि तिनं तेच सात खांब दाखवले. चार मिनिटं तिनं धूर, ढग आणि थेंब असं सगळं सांगितलं, इतकं छान की थोरल्यालाच क्षणभर ते खरं वाटलं. मग म्हणाली, हे सगळं काल दुपारपर्यंत मला खरं वाटत होतं. आणि पडद्यावर वहीचं पान आलं, भिंतीएवढं. थोरल्याचं अक्षर एवढं मोठं त्यानं कधी बघितलं नव्हतं. चारही रविवारांना लाल गोल.

ती सांगत गेली. सुट्टीच्या दिवसाचं पाणी, वाटणी, पॉइंट नसलेले आकडे. रविवार आणि सोमवार एकत्र करून दोनानं भागलं की खांब सारखे होतात, तेही तिनं रात्रीतून करून आणलं होतं. शहराचं नाव घेतलं, वहीचं सांगितलं, पण वही कुणाची ते नाही. 'निरीक्षक' म्हणाली. फक्त निरीक्षक. कालपर्यंत ज्याला दंडाला धरून पुढं ओढत होती त्याला आज तिनं एका शब्दाआड झाकून ठेवलं होतं, आणि थोरल्याला कळेना की ह्यानं बरं वाटावं की जास्त वाईट.

बाईंनी प्रश्न विचारला. हा तुमचा अंदाज आहे की निरीक्षकाशी तुम्ही बोललात? आणि बोललात, तर हे काम करण्याआधी का नाही बोललात?

भिंगरीनं पडद्यावरच्या पानाकडं बघितलं. खरं सांगितलं तर दादा उघडा पडत होता, नाही सांगितलं तर ती.

थोरला उभा राहिला. खुर्ची मागं आपटली, तसे सगळे वळले. कुणीतरी माइक आणून त्याच्या हातात दिला. असा माइक हातात यावा आणि समोर एवढी माणसं असावीत, हे त्याचं जुनं स्वप्न होतं.

"तो मी. मी तिचा भाऊ आहे," तो म्हणाला. "रविवारी मी मासे धरायला जायचो."

सभागृह हसलं. वाईट नाही, मोकळं हसलं. पांढऱ्या आणि पिवळ्या फिती जास्त हसल्या. आयुष्यभर त्यानं माणसांना हसवलं होतं. हे हसू मात्र गरम पाण्यासारखं अंगावरून गेलं. तो थांबला. हसणं सरल्यावर बोलला.

"तिनं आधी विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. वर तिच्यावरच ओरडलो. तिची चूक एवढीच, की तिनं माझ्यावर विश्वास ठेवला."

आता कुणी हसलं नाही. तो खाली बसायला गेला तर खुर्ची मागं पडलेली. मागच्या रांगेतल्या आजोबांनी ती उचलून सरळ केली आणि पुढं सरकवली. वेळ संपल्याची घंटा वाजली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. भिंगरी खाली उतरली ती दुसऱ्या बाजूनं.

जागा तिला मिळाली नाही. ती चौसष्ट नंबरच्या फलकवाल्या मुलीला मिळाली, जिचं काम वाऱ्यावर होतं आणि जिचे भाऊ कुणी वारा मोजत नव्हते. भिंगरीची पीएचडी एक वर्ष लांबली. सरांनी तिला नवा विषय दिला, जुन्या वह्या तपासायचा. तिनं तो घेतला. थोरल्याला वाटतं की तो सरांनी दिला नसून तिनं मागितला असावा, पण हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. त्यानं बिस्किटाचा पुडा पुढं केला, तिनं दोन घेतली. तेवढंच झालं. उतरताना तिनं त्याची पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, वहिनीला मी काही सांगणार नाही, तुझं तू सांग.

घरी त्यानं आधी बायकोला सांगितलं आणि मग प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं. बायकोनं दुसऱ्या दिवशी त्या खिळ्याला लग्नाचा फोटो लावला. फोटो लहान पडला, भोवतीनं पांढरी चौकट उरली. थोरल्यानं खात्याला पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं, कारण पहिल्या दोन्हींत कुठं ना कुठं आपली बढाई घुसतच होती. तिसरं चार ओळींचं झालं. न्हाव्यानं विचारलं, कशी झाली परिषद? तो म्हणाला, झाली. न्हाव्याची कात्री थांबली. त्यानं आरशातून दोनदा बघितलं, बरं नाही का काय ह्याला.

महिन्याभरानं खात्याचं उत्तर आलं. चौदा वर्षांतले सगळे रविवार आणि सगळे सोमवार त्यांनी यादीतून काढले होते. त्या जागी आता रेघा होत्या. सोबत एक नवी कोरी वही, आणि विचारलं होतं की काम पुढं चालू ठेवणार का. आपल्याला काढून टाकतील अशीच त्याची खात्री होती. ते पत्र तो पंपघरात उभ्यानं वाचत राहिला आणि शेजारची मोटार तापलेली त्याच्या लक्षात आली नाही.

तळ्यावर जाणं बंद झालं. रविवारी साडेआठला तो आवारात हजर असायचा, आणि पावणेनऊला भिंगरीचा फोन यायचा. इकडचं तिकडचं काही नाही. "दादा, किती?" तो सांगायचा, सात पॉइंट दोन. शून्य पॉइंट चार. ती बरं म्हणून ठेवायची. विश्वास असता तर फोन कशाला केला असता, हे त्याला कळत होतं. दर रविवारी कळत होतं. तरी तो पावणेनऊ वाजायची वाट बघायचा.

पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी तो तापानं फणफणला होता. बायको म्हणाली, पांघरूण घ्या आणि पडा. पहाटेपासून पत्र्यावर पाऊस वाजत होता. चांगला पाऊस, पंधरा तरी असेल, चौदा वर्षं ऐकलेल्या कानाला अंदाज चुकायचा नाही. पावणेनऊला फोन वाजला.

"दादा, किती?"

जिभेवर आकडा होता. पंधरा. पॉइंटासकटही सांगता आला असता आता.

"आज नाही घेतलं," तो म्हणाला. "पडूनच आहे. रेघ मारणार आहे."

पलीकडं काही ऐकू येईना. फोन कटला की काय म्हणून त्यानं कानापासून लांब धरून बघितला. नाही, चालूच होता.

"ताप किती आहे?" भिंगरीनं विचारलं.

"एकशे एक."

"पॉइंट?"

"पॉइंट चार," थोरला म्हणाला, आणि पांघरुणात तोंड वळवलं.